टायगरच्या गोचिडी आणि बुंदीची जीभ

मागच्या अपडेटला आमची सशीण बुंदी अन कुत्रा टायगर मधली जाळी काढून एकाच खोलीत बसायलेत इथवर सांगितलं होतं. आता पुढचं ऐका, बुंदी त्याला चाटायलीय! आधी नुसती मान खाली घालून त्याच्यासमोर बसायची, त्यानं कान चाटावेत म्हणून. आता स्वतःच त्याच्या भुवया, कपाळ, मानेवरचे केस सगळं साफ करते अन मधूनमधून दात बारीक कटकट वाजवते, ससा खुश असला की वाजवतो तसे. लई बरं वाटलं बघून.

अन घोळ नेमका तिथंच झालाय. पाऊस उघडला, लातूरला उकाडा सुरू झाला आणि टायगरला गोचिडी लागल्या, कानात, बोटांच्या बेचक्यात. परवा बुंदीच्या कानाच्या कडेलाही एक बारकी निघाली, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढली.

दुकानात गेलं की मानेवर टाकायचे थेंब हातात ठेवतात, "सगळ्या जनावराला चालतंय की ओ." नाही चालत! त्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक असलं तर कुत्र्याला ठीक आहे पण सशाला झटके येतात, जीवही जातो. ते कातडीच्या तेलात मिसळून कितीतरी दिवस अंगावर राहतं अन आमची बाई मानच चाटते. परमेथ्रिन या दुसऱ्या कीटकनाशकाचे थेंब घ्यावेत तर मांजराचं लिव्हर ते फोडू शकत नाही आणि आमची मांजर माऊ झोपते टायगरच्या पोटाला चिकटून. गुरांना लावायचं अमिट्राझ या दोघींनाही नको. शेजारच्या काकांनी तंबाखूचं पाणी सुचवलं, मायेनंच, पण निकोटिन चाटून पोटात गेलं तर काय? माझं तर स्पष्ट मत आहे, गोचिडीचं औषध देताना घरात अजून काय काय पाळलंय हे दुकानदारानं विचारलंच पाहिजे.

थेंब लावून मधे परत जाळी टाकायचं ठरत आलं होतं, पण जमलेली जोडी वेगळी केली की सशाला पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते, ते जिवावर आलं. मग डॉक्टरांनी गोळीचा रस्ता दाखवला. फ्लुरालानरची चघळायची गोळी, औषध रक्तात जातं, गोचीड चावली की मरते, केसांवर काही राहत नाही आणि एक गोळी 12 आठवडे पुरते. आधी कधी झटके आलेत का विचारलं, वजन केलं, मगच दिली. महाग आहे पण पैसे वसूल, दुसऱ्या दिवशी वाळक्या गोचिडी फरशीवर गळून पडलेल्या बघून जो आनंद झाला!

राहिलं घर. कुत्र्याची गोचीड अंडी अंगावर घालत नाही, खाली उतरून फटीत घालते, तीही हजारांनी. शहाबादी फरशीच्या सांध्यात टॉर्च मारला तर एरंडाच्या बीएवढी टम्म करडी गोचीड आत बसलेली. फवारणी करता येत नाही कारण बुंदी दिवसभर त्याच फरशीवर अन पाय चाटत असते. म्हणून व्हॅक्युम मारायलोय, टायगरचं पोतं फेकून जुनी चादर टाकलीय, ती उकळत्या पाण्यात काढता येते. सगळे सांधे व्हाइट सिमेंटनं भरायचे असं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की गोचिडी भिंतीवर चढतात आणि बुंदीच्या गवताचं रॅक भिंतीलाच टेकवलेलं आहे! म्हणजे आधी रॅक खोलीच्या मध्यात आणायचं, मग टायगरच्या जागेचा कोपरा भरायचा, बाकीची फरशी नंतर.

रॅकमधे सध्या बांधावरचं मारवेल गवत आहे, सावलीत वाळवलेलं. ऑनलाइन मागवलेल्या टिमोथी गवतापेक्षा आवडीनं खाते, पाकिटात अर्धा भुगाच यायचा. लेंड्या परत मोठ्या, कोरड्या, सोनेरी पडायल्यात.

कुणी ससा घरात असताना फरशीचे सांधे भरलेत का? ओलं सिमेंट वाळेपर्यंत जनावरं कुठं ठेवली ते सांगा, आमच्याकडं दुसऱ्या खोलीत कूलर नाही.