दुधातलं टेट्रासायक्लिन : मशीनवर चढवण्याआधीचं काम

टेट्रासायक्लिन हे जनावरांना देतात ते प्रतिजैविक; त्याचा अंश दुधात उरला का, हे क्रोमॅटोग्राफीच्या मशीनवर मोजतात. वर्धा-यवतमाळच्या खेड्यांत मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्यामुळे नमुन्याची खरी चूक बहुधा संकलन केंद्रावरच होते. कॅन प्लंजरने खालपर्यंत ढवळा, नुसतं वरचं दूध उचललं तर साय जास्त येते. बाटली पॉलिप्रॉपिलीनची घ्या, काचेला टेट्रासायक्लिन चिकटतं. ते उजेडातही बिघडतं, म्हणून बाटलीला फॉइल गुंडाळून थेट बर्फात ठेवा. टिकावं म्हणून फॉर्मॅलिन घालू नका.

दुधात कॅल्शियम भरपूर. टेट्रासायक्लिन त्याला आणि प्रथिनांना धरून बसतं. ते सोडवायला मॅकिलवेन-ईडीटीए बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण; त्यातलं ईडीटीए कॅल्शियमला धरतं) लागतो. ०.१ मोलर सायट्रिक आम्ल १ लिटर, त्यात ०.२ मोलर डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६२५ मिली, पीएच ४. मग डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेट ६०.५ ग्रॅम. ते विरघळायला वेळ घेतं, तळाशी पांढरं दिसत असेल तर थांबा. घाईत वापरलेला असा बफर हे कमी रिकव्हरीचं (दुधातल्या औषधापैकी हाती लागणाऱ्या भागाचं) नेहमीचं कारण.

५ ग्रॅम दुधात आधी इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरलेल्या मापाने घातलेलं जवळचं औषध; डेमेक्लोसायक्लिन चालतं) घालून दहा मिनिटं मुरू द्या. मग २० मिली बफर, दहा मिनिटं हलवणं, ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज. वरचा चरबीचा थर चमच्याने काढून खालचं पाणी गाळा, नाहीतर कार्ट्रिज (औषध धरून ठेवणारं भरण असलेली छोटी नळी) तुंबते.

कार्ट्रिज पॉलिमरची, ६० मिलिग्रॅम. सिलिकावरच्या सी-१८मध्ये (१८ कार्बनच्या साखळ्या जोडलेलं भरण) उरलेले सिलॅनॉल (सिलिकावरचे हायड्रॉक्सिल गट) आणि धातू टेट्रासायक्लिन अडकवतात, तिथे स्वस्ताई महागात पडते. ती आधी ३ मिली मिथेनॉल, ३ मिली पाण्याने भिजवा, मग नमुना सेकंदाला एखादा थेंब या गतीने. ५ टक्के मिथेनॉलने धुवा, व्हॅक्यूमने कोरडी करा, ५ मिली मिथेनॉलने उतरवा. नायट्रोजनखाली ४० अंशांच्या आत सुकवून १ मिलीत घ्या, म्हणजे पाचपट संहत. त्याच दिवशी मशीनवर लावा. आम्लात ठेवलं की एपिमर (त्याच रेणूचं एका जागी रचना उलटलेलं रूप) वाढतो. युरोपीय मर्यादा दुधात किलोला १०० मायक्रोग्रॅम आहे आणि ती मूळ औषध अधिक ४-एपिमर अशी मोजतात, तेव्हा आलेखातली दोन्ही शिखरं (पीक) धरा. कॅलिब्रेशन (ठरलेल्या प्रमाणांवरून मशीनचं माप बसवणं) औषध न दिलेल्या जनावराच्या दुधातच करा.

कासदाहात कासेत सोडलेल्या ट्यूबमध्ये बहुधा पेनिसिलिन गटातलं औषध असतं. ते याच अर्कात शोधू नका. पीएच ४ वर पेनिसिलिन जी टिकत नाही आणि मिथेनॉल त्याच्या रेणूतलं बीटा-लॅक्टम वलय उघडतं. त्यासाठी वेगळं २ मिली दूध, ८ मिली अॅसिटोनायट्राइल, आणि स्टॉकही (तुलनेचं मूळ द्रावण) मिथेनॉलमध्ये करायचा नाही.