सोलरची टाकी तापलेली, नळ मात्र थंड

अमळनेरला आमच्या गच्चीवर २०० लिटरचा, काचेच्या २० नळ्यांचा सोलर वॉटर हीटर आहे. खानदेशात हिवाळ्यात आकाश बहुधा निरभ्र असते. त्यामुळे पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरला, तरी दिवसभराच्या उन्हात तापलेले पाणी सकाळी घरातल्या सगळ्यांना पुरून उरते, असाच आमचा अनुभव होता. गेल्या हिवाळ्यात मात्र लख्ख ऊन पडूनही नळाला कोमट पाण्यापलीकडे काही येईना. तोटी सोडल्यावर क्षणभर बरे पाणी यायचे आणि बादली अर्धी होण्याच्या आत त्याची ऊब जायची. स्वयंपाकघरातही तीच तऱ्हा होती.

सोलर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने गच्चीवर जाऊन एक चक्कर मारली आणि निदान केले, “दादा, बोअरचं पाणी आहे, नळ्या क्षारानं भरल्या. सगळ्या बदलाव्या लागतील.” तोवर टाकीतली विजेची कॉईल चालू ठेवा, असेही त्याने सुचवले. बोअरच्या पाण्याचा क्षार आमच्याकडे कोणाला नवा नाही. गीझरच्या कॉईलवर आणि तोटीच्या जाळीवर तो पांढरा थर सगळ्यांनी पाहिलेला असतो. म्हणून त्याचे म्हणणे पटण्यासारखे होते. पण कॉईल लावल्यावर एक गोष्ट खटकली. २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे ७ युनिट वीज लागते, म्हणजे २ किलोवॅटच्या कॉईलला साडेतीन तास पुरतात. कॉईल त्याहून जास्त वेळ चालली, तरी नळाला पाणी कोमटच आले. दोष नळ्यांचा असता, तर विजेने तापवलेले पाणी खाली गरमच यायला हवे होते. तेव्हा नळ्यांवर खर्च करण्याआधी पाणी नेमके कोठपर्यंत गरम आहे हे पाहायचे ठरवले.

नळ्यांची परीक्षा सोपी आहे. प्रत्येक नळी दुहेरी काचेची असते आणि दोन काचांमधली हवा काढून घेतलेली असते. नळीच्या बंद टोकाला आतून आरशासारखा रुपेरी लेप दिसतो; निर्वात पोकळीत हवा शिरली की तो लेप पांढरा पडतो. आमच्या सगळ्या नळ्यांची टोके रुपेरीच होती. शिवाय भर दुपारी हात लावला तर बाहेरची काच गार लागत होती. चांगल्या नळीची तीच खूण आहे, कारण आतली उष्णता पोकळी ओलांडून बाहेर येत नाही.

मग दुपारी चारच्या सुमारास टाकीतून गरम पाणी बाहेर पडते तिथले युनियन (पाईपचा उघडता येणारा जोड) जरा सैल करून बादलीत पाणी घेतले. हे काम जपून करावे, त्या पाण्याने हात भाजतो. थर्मामीटरने ६२ अंश दाखवले. त्याच वेळी खाली न्हाणीघरातल्या नळाला, पाणी बराच वेळ वाहू दिल्यानंतरही, ३१ अंश भरले. पाईपमध्ये साचलेले गार पाणी आधी बाहेर पडते हे खरे. पाऊण इंची पाईपच्या एका मीटरमध्ये साधारण तिसरा हिस्सा लिटर पाणी मावते, म्हणजे २५ मीटर लाईनमध्ये सुमारे ८ लिटर. पण दोन बादल्या भरल्यावरही पाणी कोमटच राहिले, तर पाईपला दोष देता येत नाही. लाईनमध्ये हवा अडकली असती तर धार बारीक झाली असती. आमची धार उलट पूर्वीपेक्षा जोरदार होती, आणि खरे तर तिथेच संशय यायला हवा, असे आमच्या गल्लीतले जुने प्लंबर नाना नंतर म्हणाले.

नानांनी नळ्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. टाकीच्या आउटलेटला हात लावून ते म्हणाले, “भाऊ, वर पानी तपेल शे, खाले येस नही.” त्यांनी सोलरच्या टाकीत गार पाणी जाते तो व्हॉल्व्ह बंद केला आणि मला स्वयंपाकघरातली गरम पाण्याची तोटी सोडून ठेवायला सांगितले. सोलरच्या टाकीतून गरम पाणी वरच्या भागातून निघते. खालून गार पाणी भरले तरच ते बाहेर ढकलले जाते. म्हणून भरणा बंद केल्यावर गरम तोटीची धार थोड्या वेळात तुटायला हवी. आमची तोटी मात्र वाहतच राहिली, आणि पाणी हळूहळू पुरते गार झाले. याचा अर्थ घरात कोठेतरी गार पाण्याची लाईन गरम लाईनला मिळाली होती. एवढ्या साध्या परीक्षेला एक पैसाही लागत नाही, आणि तरी नळ्या बदलायला निघालेला माणूस ती करीत नाही, याचे मला अजून नवल वाटते.

पुढचा शोध लवकर लागला. व्हॉल्व्ह बंदच ठेवून आम्ही एकेका न्हाणीघरातले अँगल कॉक बंद करीत गेलो. खालच्या मजल्यावर आईसाठी पावसाळ्यात नवे न्हाणीघर बांधून घेतले होते. तिथला गरम लाईनचा कॉक बंद करताच स्वयंपाकघरातली धार तुटली. त्या न्हाणीघरात गरम-गार मिक्सरला हँड शॉवर जोडलेला आहे आणि पाणी सोडायची कळ शॉवरच्या मुठीवर आहे. आईच्या बोटांना सांधेदुखीमुळे मिक्सरच्या मुठी फिरवत नाहीत, म्हणून तिला सोसेल असे मिश्रण एकदाच जुळवून दोन्ही मुठी कायम उघड्या ठेवलेल्या होत्या आणि ती फक्त कळ दाबत असे. कळ सोडली की बाहेरची वाट बंद होते, पण मिक्सरच्या आत गरम आणि गार पाण्याची वाट एकमेकांना खुलीच राहते. घरात दुसरीकडे कोणी गरम तोटी सोडली की त्या मिक्सरमधून गार पाणी गरम लाईनमध्ये शिरायचे.

दोन्ही लाईनींना गच्चीवरच्या गार पाण्याच्या एकाच टाकीचा दाब असताना गार पाणीच का वरचढ ठरले, याचेही कारण होते. न्हाणीघराची गार लाईन नवी, रुंद आणि सरळ आहे. गरम लाईन जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपची, वळणावळणाची आणि आतून क्षाराने आवळत गेलेली. मेकॅनिकने सांगितलेला क्षार खोटा नव्हता, फक्त तो नळ्यांपेक्षा पाईपमध्ये जास्त साचला होता.

उपाय म्हणून मिक्सरकडे जाणाऱ्या दोन्ही फाट्यांवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवले, म्हणजे आईला मुठी फिरवण्याची सक्ती उरली नाही. दुकानदार स्प्रिंगचा व्हॉल्व्ह देत होता. नानांनी तो परत करून आत पडदा असलेला आणवला, कारण गच्चीवरच्या टाकीचा दाब मुळातच कमी असतो आणि स्प्रिंग उघडण्यातच त्यातला काही भाग खर्च होतो. पडद्याचा व्हॉल्व्ह आडव्या पाईपवर किंवा पाणी खालून वर जाते अशा उभ्या पाईपवर, आणि बाणाची दिशा पाहूनच बसवावा लागतो. त्याच्या आधी जाळीही घातली, नाहीतर बोअरची वाळू पडद्याखाली अडकून तो अर्धवट उघडा राहतो. काम झाल्यावर गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा तीच परीक्षा घेतली. या वेळी धार तुटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाईपमधले गार पाणी निघून गेल्यावर नळाला ५६ अंश भरले.

नळ्याही एकदा धुऊन घेतल्या. त्यांच्या तळाशी पांढरी रेती निघाली, पण एकही नळी बदलावी लागली नाही. हे काम उजाडण्यापूर्वीच उरकले, कारण उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेले की काच तडकते. जुनी जीआय लाईन बदलणे तेवढे बाकी आहे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे गार पाण्याच्या नळालाच दुपारी चटका बसेल असे पाणी येते आणि सोलरची आठवणही कोणाला होत नाही, म्हणून नानांना दिवाळीच्या आधीचा वायदा दिला आहे.