चवथीच्या आदल्या दुपारी

चवथीच्या आदल्या दुपारी आमच्या आरोग्य केंद्रात सामसूम होती. गोव्यात डिचोलीकडच्या गावांत त्या वेळी जो तो माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधण्यात गुंतलेला असतो. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आजीच्या मांडीवर सहा वर्षांचा नातू, मुठी डोळ्यांवर घट्ट दाबलेल्या, तोंड खोबरेलाने चकचकीत.

पणजीला शिकणारी आत्या सणाला आली होती. तिच्या बॅगेतली पेपर स्प्रेची, म्हणजे स्वसंरक्षणासाठी हल्लेखोरावर मारायच्या तिखट फवाऱ्याची, बाटली पोराने अत्तर समजून स्वतःकडेच धरून दाबली. आजीने मायेने तेल चोळलं. पण त्यातला मिरचीचा अर्क मुळात तेलकट. तेलाने तो निघत नाही, आणखी पसरतो.

हातमोजे घातले आणि आधी त्याचा टी-शर्ट कात्रीने कापला. डोक्यावरून काढला असता तर तिखट पुन्हा तोंडावरूनच गेलं असतं. मग त्याला कुशीवर निजवलं आणि सलाईनच्या नळीने डोळ्यात धार सोडली, नाकाकडून कानाकडे. पापण्या उघडेनात. पोर हट्ट करत नव्हतं. या तिखटाने त्या आपोआपच मिटतात. आत्या कानाशी वाकून विचारू लागली, "माटोळीला काय काय बांधलं रे?" "सुपारी… नारळ…" हुंदका. "चिबूड…" एकेका नावागणिक पापणी जराशी उघडे, तेवढ्यात पाणी आत जाई. एकेका डोळ्याला पंधरा मिनिटं. कातडीवरचं तेल बेबी शॅम्पूने हलक्या हाताने काढलं, डोळ्यांत जाऊ न देता.

या गडबडीत बाकावरच्या आजीकडे माझं लक्षच नव्हतं. ती खोकत होती. मग खोकला थांबला आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तिला जुना दमा. वाटभर नातवाचं तोंड तिच्या पदरात होतं, सगळं तिखट लुगड्यात. मला ते आधीच दिसायला हवं होतं, अजून टोचतं. लुगडं बदललं, खिडक्या उघडल्या, डॉक्टरांनी औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर लावायला सांगितला. अर्ध्या तासाने ती नीट बोलू लागली.

"दूध घातलं असतं तर सिस्टर?"

"नको आजी. नळाखाली नुसतं पाणी, पंधरा-वीस मिनिटं. चोळायचं नाही. आणि कुणाला धाप लागली तर लगेच १०८."

डॉक्टरांनी रंगाचा थेंब घालून बुबुळं तपासली, ओरखडा नव्हता. लुगडं आणि कापलेला टी-शर्ट मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आत्याकडे दिला. उद्याच्या कोऱ्या कपड्यांजवळ ठेवू नकोस, म्हटलं.