प्रेशर कमी आहे

"प्रेशर कमी आहे भाऊ, भरू का?" सीएनजी पंपावरच्या पोरानं विचारलं तेव्हा रांगेत पाऊण तास गेला होता माझा. हो म्हटलं. काटा १३० वर जाऊन थांबला. फुल्ल म्हणजे २००. गाडीत मागं आर्णीच्या दुकानदारांचा माल, त्यात एकाचं दही.

आणखी एक गाडी घ्यायची आहे, म्हणून आज मित्राची सीएनजीवाली मागून आणली होती. माझी जुनी डिझेलची घरी उभी.

मागच्या गाडीतले काका खाली उतरून तंबाखू मळत होते. म्हणाले, "गॅस सस्ता हाय बाप्पा, पन हे लाईन कोनाच्या हिशोबात धरतं तू?"

खरं सांगतो, धरलीच नव्हती. माझ्या वहीत किलोमीटर, भाव, हप्ता, सगळं आहे. दर ३ वर्षांनी सिलिंडरची टेस्ट, तीही लिहिलेली. पाऊण तासाचा रकानाच नाही!

बरं, डिझेल घ्यावं तर २०२० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. माझं काम गावोगाव थांबत थांबत. अशा फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही, काजळी जळत नाही, जाळी तुंबते. मग गॅरेज.

शोरूमवाला यातलं काही बोलला नाही. अॅव्हरेज तेवढं तीनदा सांगितलं.

दही पोचलं, थोडं आंबट. दुकानदार काही बोलला नाही, नुसतं झाकण उघडून वास घेतला.

आपल्या यवतमाळकडं कोणी दोन्ही चालवल्यात का? रांगेचा वेळ कसा धरता?