डस्टर एडब्ल्यूडीला एटी टायर टाकले: ठाणे ते टोकावडे, माझा अनुभव

जुलै 2025 मधली गोष्ट. आम्ही शनिवारी सासुरवाडीलाच होतो, मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याला. घर खाली खाचरांच्या बाजूला, डांबरी रस्ता वर, आणि मधे साधारण तीनशे मीटरचा कच्चा चढ. सासूबाईंना दोन दिवस ताप होता, रात्री नऊच्या सुमारास अंग एकदम तापलं, म्हणून मुरबाडला न्यायचं ठरलं. गाडी माझी, 2016 ची रेनो डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह, चारही चाकांना ताकद जाणारी, डिझेल, 210 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, पहिला गिअर मुद्दाम शॉर्ट, म्हणजे वेग कमी पण ओढ जास्त, असा दिलेला, या चढावर आठ-नऊ पावसाळे गेलेली. मी निर्धास्त होतो. नॉब फिरवून लॉक टाकलं, म्हणजे पुढची-मागची चाकं एकत्र फिरवणारा मोड, हळू हळू चढायला लागलो आणि निम्म्यावर गाडी थांबली. चारही चाकं फिरतायत, इंजिन ओढतंय, ईएसपी (चाक घसरलं की इंजिनची ताकद कापणारी सिस्टीम) बंद करून बघितलं, आणि गाडी जागची हलत नाही, उलट मागचा भाग बांधाकडे सरकायला लागला.

खाली उतरून बॅटरी मारली तर टायरवर नक्षी आहे की नाही हेच कळत नव्हतं. सगळ्या खाचा चिकणमातीने भरलेल्या, वरून शेणाने सारवल्यासारखा गुळगुळीत. शेजारच्यांचा ट्रॅक्टर येईपर्यंत पन्नास मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ सासूबाई मागच्या सीटवर डोक्याला टॉवेल गुंडाळून डोळे मिटून बसलेल्या. चार दिवस सलाईन लागलं, आता बऱ्या आहेत. पण ती पन्नास मिनिटं माझ्या डोक्यातून गेली नाहीत, आणि सोमवारी ठाण्याला आल्यावर मी टायरच्या मागे लागलो.

पहिलं काम म्हणजे आहेत ते टायर नीट बघणं, जे मी वर्षभर केलं नव्हतं. ट्रेड डेप्थ, म्हणजे टायरच्या खाचांची खोली, मोजायचा छोटा गेज आणला. पुढे साधारण तीन मिलिमीटर, मागे चारच्या आसपास. कायद्याने 1.6 मिलिमीटरपर्यंत चालतं, खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ते तेवढ्यासाठीच, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पण 1.6 हा कोरड्या डांबरी रस्त्यावरचा हिशोब वाटतो मला, पावसात पाणी बाहेर फेकायला खाच खोल लागते आणि चिखलात त्याहून जास्त. शिवाय ते टायर साधे हायवे टाइप, एचटी, म्हणजे खाचा बारीक आणि जवळजवळ. रस्त्यावर शांत, सुंदर. चिखलात एकदा भरल्या की भरल्या.

आणि इथेच मला जे कळलं ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे फोर बाय फोर घेतलेल्या बऱ्याच जणांचा हा समज आहे आणि माझाही होता. एडब्ल्यूडी ताकद चार चाकांना वाटून देतं, बास. जमिनीला धरायचं काम टायरचा हाताएवढा तुकडाच करतो. धरायलाच काही नसेल तर दोनच्या ऐवजी चार चाकं एकाच वेळी घसरतात, एवढाच फरक.

मग प्रश्न आला, टाकायचं काय. मित्र म्हणाला सरळ एमटी टाक, मड टेरेन, मोठे मोठे गठ्ठे असलेले, एकदाच काम होईल. मी दोन दिवस तेच डोक्यात धरून होतो. पण माझं रनिंग बघितलं तर महिन्याचे हजारएक किलोमीटर, त्यातले साडेनऊशे ठाण्यातले आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावरचे, उरलेले कच्चे. एमटीला बारीक चिरा जवळजवळ नसतात, त्यामुळे ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, आणि पावसाळ्यात घोडबंदर रोडला अचानक समोरचा खड्डा बघून ब्रेक मारतो तेव्हा मागे मुलं बसलेली असतात. आवाज वेगळाच. तर एमटी बाद. मधला मार्ग म्हणजे एटी, ऑल टेरेन. खाचा रुंद, कडेचे ठोकळे मोकळे त्यामुळे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो, आणि वरच्या रबरात चिरा भरपूर त्यामुळे ओला रस्ताही धरतो.

एटीमध्ये पण दोन जाती आहेत हे मला माहीत नव्हतं. एक एलटी, म्हणजे लाइट ट्रकसाठी बांधलेले, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत जाड, जड. जगभर नाव असलेला बीएफगुडरिचचा केओटू त्यातला. दुसरे पॅसेंजर बांधणीचे, म्हणजे कारसाठीचे, हलके. डस्टर ही मोनोकॉक गाडी आहे, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच, थार किंवा बोलेरोसारखी लॅडर फ्रेम नाही, सस्पेन्शन कारचं, तिला प्रत्येक चाकाला तीन-चार किलो जास्त वजन लावलं तर खड्ड्यात आपटणं वाढतं, पिकअप मरतो, डिझेल जास्त जातं. मला दगडांच्या दऱ्या चढायच्या नाहीत, मला सासऱ्यांच्या दारातून रस्त्यावर यायचंय. म्हणून पॅसेंजर बांधणीचाच एटी, हे पक्कं केलं.

साइजवर मात्र मी जास्त वेळ घालवला. माझा साइज 215/65 आर 16. बरेच जण 215/70 टाकतात, गाडी उंच दिसते. मी कागदावर मांडलं. 215 ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, तिचे 65 टक्के म्हणजे सुमारे 140 मिलिमीटर साइडवॉल, वर-खाली मिळून 279.5, त्यात 16 इंची रिम म्हणजे 406.4, एकूण व्यास 686. सत्तरवाल्याचा 707. फरक 21 मिलिमीटर, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम 11. त्यासाठी स्पीडोमीटर तीन टक्के मागे पडणार, काटा 100 वर असताना गाडी 103 ने जाणार, शॉर्ट गिअरिंग थोडं लांबणार, स्टीअरिंग पूर्ण वळवलं की आत घासेल का ही धाकधूक, वर उद्या इन्शुरन्स क्लेमची वेळ आली तर कंपनीने दिलेला साइज का बदलला हा प्रश्न. अकरा मिलिमीटरसाठी एवढं नको. कंपनीचाच साइज ठेवला, आणि लोड इंडेक्स 98 म्हणजे एका टायरवर 750 किलो, त्याच्या खाली अजिबात जायचं नाही हे लिहून ठेवलं. टायरवर साइजच्या पुढे जो आकडा आणि अक्षर असतं ते हेच, आकडा वजनाचा आणि अक्षर वेगाचं, एच म्हणजे ताशी 210 पर्यंत. एटीमध्ये कधी कधी टी किंवा एस मिळतो, 190 किंवा 180. आपल्या रस्त्यांना तेही पुष्कळ, तरी मूळचाच मिळाला तर उत्तम.

अजून एक, टायरवर एम प्लस एस लिहिलेलं असतं ते बघून दुकानदार सांगतात चिखलाचा टायर आहे. मड अँड स्नो हा त्याचा अर्थ खरा, पण ते नुसतं ट्रेडच्या रचनेवरून कंपनीने स्वतः लिहिलेलं असतं, त्याला कुठली टेस्ट लागत नाही. डोंगर आणि बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं ते टेस्ट केलेलं, पण ती टेस्ट बर्फावरची. त्यामुळे चिन्हांपेक्षा मी खाचांमध्ये बोट घालून बघितलं, करंगळी मोकळी जाते का, आणि कडेचे ठोकळे बाहेरच्या बाजूला उघडे आहेत का.

या सगळ्यातून नजर योकोहामा जिओलँडर एटी जी015 वर येऊन थांबली, कारण माझ्या साइजमध्ये 98 एच मिळतो आणि बांधणी पॅसेंजरची. पर्याय कमीच होते. जून 2020 पासून टायरची आयात परवान्यावर गेली, तेव्हापासून या मधल्या साइजमध्ये बाहेरचे एटी सहज मिळत नाहीत.

आता दुकानं. वागळे इस्टेटमधल्या एका दुकानात गेलो, त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहेब मागचे चांगलेत अजून, पुढचे दोनच टाका, पैसे वाचतील." टू व्हील ड्राइव्ह गाडी असती तर कदाचित ऐकलंही असतं. पण एडब्ल्यूडीमध्ये पुढे नवे आणि मागे झिजलेले टाकले तर मागच्या चाकाचा घेर कमी, ते दर किलोमीटरला जास्त फेऱ्या मारतं. ऑटो मोडमध्ये सिस्टीमला वाटतं चाक घसरतंय, मधली कपलिंग, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणारा भाग, सारखी घट्ट-सैल होत तापते, आणि लॉकमध्ये तर पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना पिळतात. ती कपलिंग गेली तर येणाऱ्या खर्चापुढे दोन टायरची बचत काहीच नाही. मी त्याला हे सांगितलं, तो म्हणाला असं कुणी विचारत नाही. विचारायला पाहिजे, खरंच. एडब्ल्यूडी असेल तर चार एकदम, एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे. मी पाच घ्यायचे ठरवले, कारण पंक्चर झाल्यावर स्टेपनी जुन्या घेराची असेल तर पुन्हा तोच प्रश्न.

दुसरं दुकान तुर्भ्याला. स्टॉक आहे म्हणाले, रेटही बरा, म्हणून ऑगस्टमध्ये अर्धा दिवस सुट्टी टाकून गेलो. टायर बाहेर काढल्यावर मी साइडवॉलवरचा तारखेचा कोड बघितला. दोनवर 1125, म्हणजे 2025 चा अकरावा आठवडा, आणि दोनवर 2323, म्हणजे 2023 मधला तेविसावा आठवडा, सव्वादोन वर्षं पडून राहिलेले. फोनवर मी स्पष्ट विचारलं होतं, सगळे यंदाचे आहेत म्हणून सांगितलं होतं. दोन वर्षांत टायर खराब होतो असं नाही, पण नव्याचे पूर्ण पैसे देऊन रबराचं दोन वर्षांचं आयुष्य का सोडायचं. मला वाईट वाटलं ते खोटं बोलल्याचं. परत आलो.

घेताना कोड स्वतः वाचा, वाकून वाचा, कधी कधी तो आतल्या बाजूला असतो. आयएसआयचा मार्क पण तिथेच बघा, आपल्याकडे तो सक्तीचा आहे, आणि "बाहेरून आलाय, स्वस्तात देतो" म्हणणाऱ्या टायरवर तो नसेल तर हात लावू नका.

तेवढ्यात जीएसटीची बातमी आली, 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा कर 28 वरून 18 टक्के. मग घाई केली नाही. माजिवड्याजवळच्या एका दुकानदाराला सांगून ठेवलं, पाच नग, एकाच लॉटचे, तारीख सहा महिन्यांच्या आतली. त्याने नऊ दिवस घेतले आणि पाचही 2725 चे आणून दिले. पाच टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून आणि जुन्यांचे थोडे पैसे वजा करून पन्नास हजारांच्या जरा खाली गेलं. मोठी रक्कम आहे, आम्ही दिवाळीची इतर खरेदी त्यासाठी कमी केली.

फिटिंगला मी तिथेच उभा राहिलो. एका चाकाला बॅलन्सिंगमध्ये 75 ग्रॅम वजन मागत होतं. तिथला पोरगा, वीस-बावीसचा असेल, म्हणाला थांबा, एवढं नाही लावायचं. हवा काढली, टायर रिमवर अर्धा फिरवला, साइडवॉलवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी आणला, कारण तो ठिपका म्हणजे टायरची हलकी बाजू आणि व्हॉल्व्ह म्हणजे रिमची जड बाजू. परत मशीनवर चढवलं, 30 ग्रॅमवर आलं. त्याने उरलेल्या चारही चाकांना न सांगता तसंच केलं. असं काम करणाऱ्या माणसाचं मनापासून कौतुक वाटतं. नट शेवटी हाताच्या टॉर्क रेंचने लावून घेतले, एअर गनवर सोडले नाहीत.

रस्त्यावर काय फरक पडला तर साठच्या पुढे काँक्रीटवर बारीक गुणगुण येते, काचा बंद असल्या की बायकोला जाणवत नाही, मला जाणवते. स्टीअरिंग किंचित जड. डिझेल लिटरमागे साधारण अर्धा किलोमीटर कमी पडतंय. ओल्या रस्त्यावर पहिले दोनशे किलोमीटर सांभाळून चालवली, नव्या रबरावरचा गुळगुळीत थर जायला तेवढं लागतं, नंतर ब्रेक जुन्यांपेक्षा नक्कीच भरवशाचे.

भाऊबीजेला, 23 ऑक्टोबरला, परत टोकावड्याला. दिवाळीत पाऊस पडून गेलेला, काही खाचरांत कापलेला भात आडवा पडून भिजत होता, मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, चेहरा उतरलेला. चढ जुलैसारखाच झालेला. ओवाळणी झाली, आणि दुपारी मेहुणा म्हणाला, "दाजी, भाताची पोती वरच्या पडवीत न्यायचीत, ट्रॅक्टर आज मिळायचा नाही." पाच पोती मागे टाकली, छोट्या पंपाचा गेज लावून टायर जमिनीला जास्त टेकावा म्हणून हवा 24 पीएसआयपर्यंत उतरवली, लॉक टाकलं, पहिला गिअर, आणि अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा. निम्म्यावर, जिथे जुलैत थांबलो होतो, तिथे चाकं दोन सेकंद फिरली, मडगार्डच्या आतून धपाधप चिखलाचे गोळे पडल्याचा आवाज आला आणि गाडी पुढे सरकली. न थांबता वर. तीन खेपा केल्या.

वर डांबरीवर पंपाने हवा परत दारावरच्या स्टिकरवर लिहिल्याएवढी भरली, हे विसरू नका, कमी हवेवर कल्याणपर्यंत पळवली तर साइडवॉल तापून जाते. मी हवा भरत होतो तोवर मामा काडीने मागच्या टायरच्या खाचा कोरत बसले होते. माती भरली होती, पण मधली नक्षी दिसत होती. म्हणाले, "पुढच्या पावसाला हिला घरापाशीच उभी करत जा, वर रस्त्यावर नको."

आता पहिलं रोटेशन, म्हणजे चाकांची अदलाबदल, आठ हजार किलोमीटरला, पाच चाकांचं, स्टेपनी मागे उजवीकडे येणार आहे.