मॅडम, आधी काय करत होतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, लग्न आडवं आलं नाही, झालेलंच नाही. मुलं शाळेत जायला लागली आणि मग काळा कोट चढवला, असंही नाही. घरी कुणाचं आजारपण नव्हतं. वडील बार्शीला ठणठणीत आहेत आणि तुमच्यासारखंच विचारत असतात. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात छत्तिशीची बाई चोविशीतल्या पोरांबरोबर फायली वाहताना दिसली, की लोक आपणहून एखादं सभ्य कारण पुढे करतात. मी ते नाकारलं की ओशाळतात, आणि खरं कळल्यावर जास्तच. मी एमपीएससी करत होते.

किती वर्षं? बरीच. खुल्या प्रवर्गाला अडतीसपर्यंत बसता येतं, एवढं सांगितलं की पुण्यात कुणीही हिशोब मांडतं. बाकी शास्त्री रोड, अभ्यासिका, मेस, कॉट हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यावर पुन्हा कशाला बोलायचं?

त्या वर्षांबद्दल कुणी हळहळलं की माझं डोकं फिरतं. मी झोपा काढत नव्हते. राज्यघटना मी तिथेच नीट वाचली. लॉ कॉलेजात त्या पेपरला पुस्तक उघडावं लागलं नाही. हे मी ठणकावून सांगते. मग घरी गेल्यावर स्वतःलाच विचारते, त्यासाठी इतकी वर्षं लागतात का बाई? नाही लागत. शेवटची दोन-तीन वर्षं मी तिथे राहिले, कारण अभ्यासिकेत कुणी वय विचारत नाही. बाविशीचा पोरगा आणि बत्तिशीची मी, दोघंही त्याच कट-ऑफकडे डोळे लावून. बाहेर पडलं की वय सुरू होणार होतं.

11 मार्च 2021 ला, तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा आयोगाने पुन्हा एकदा पुढे ढकलली आणि पोरं शास्त्री रोडवर उतरली. मीही उतरले. घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या. आणि त्या गर्दीत मला जाणवलं, की मला बरं वाटतंय. तीन दिवसांनी पेपर नाही म्हणून. परीक्षा नंतर 21 मार्चला झाली, मी ती दिलीही, पण त्याच वर्षी लॉच्या सीईटीचा अर्ज भरला. तेव्हाची मी अजून अधूनमधून भांडायला येते. म्हणते, मुलाखतीपर्यंत गेलेली पोरगी तू, आणखी एकदा बसली असतीस तर? तिला काय सांगू? कदाचित निघाली असती पोस्ट. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही.

वकिलीला वयाची अट नसते का, असंही विचारतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, द्यायची नाही, असा नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो 1995 साली मोडीत काढला. म्हणजे अजून बरीच मुभा होती मला! शिवाय आमच्याकडे ज्येष्ठता जन्मतारखेवरून नाही, सनदेच्या वर्षावरून ठरते. माझे सीनियर माझ्याहून लहान आहेत. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना सर. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं 302 गेलं आणि 103 आलं, तेव्हा केस पिकलेले वकीलही तुलनात्मक तक्ता घेऊन फिरत होते. मला आसुरी आनंद झाला होता, आता सगळेच नवखे म्हणून. तो फार टिकला नाही. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात, आणि ती त्यांना झोपेतही येतात.

पण तुम्हाला खरं ऐकायचंय ते हे नाही. त्रास होतो का, हे ऐकायचंय ना? तर ऐका.

गेल्या वर्षी एका प्रांत कार्यालयात फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाच्या, अपिलाची तारीख होती. भावांनी वारस नोंदीतून बहिणीचं नाव गाळलेलं. बहीण म्हणजे आमच्या पक्षकार, सत्तरीच्या मावशी. सीनियर दुसऱ्या कोर्टात अडकलेले. मला सूचना एवढीच, की मुदत मागून यायची. पुकारा झाला, मी उभी राहिले, आणि समोरच्या खुर्चीत तो. अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याची उपजिल्हाधिकारी म्हणून निवड झाली तेव्हा पेढे वाटायला आला होता, ते मी घेतलेही होते. माझ्या नोट्सवर पास झाला असं मी कधी कधी सांगते. खरं तर त्या नोट्स कुणाच्याच नव्हत्या, झेरॉक्सवाल्याच्या होत्या.

त्याने ओळखलं. क्षणभर पाहिलं आणि नजर फायलीत घातली.

"अपिलार्थीतर्फे?"

"मी, सर. सीनियर येऊ शकले नाहीत. मुदत मिळावी."

ते 'सर' माझ्या तोंडून सहज गेलं. ज्याला वर्षानुवर्षं 'ए, लाइट बंद कर' म्हटलं, त्याला.

तो म्हणाला, "तुम्हीच करा ना युक्तिवाद. फाइल वाचलीय ना?"

खोलीत सामनेवाल्यांचे वकील होते, कारकून होता, दारात दहा-बारा माणसं होती. हे त्याने मला संधी देण्यासाठी म्हटलं, जोखण्यासाठी म्हटलं, की नुसता बोर्ड, म्हणजे त्या दिवसाची प्रकरणांची यादी, संपवायचा होता? मी किती वेळा उलटसुलट करून पाहिलं, कळत नाही. मी बोलले. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 150 प्रमाणे नोंदीआधी हितसंबंधितांना नोटीस जायला हवी, मावशींना ती बजावलेलीच नाही, वगैरे. आवाज कापत होता, मुद्दे सुटले नाहीत. त्याने लिहून घेतलं आणि सामनेवाल्यांच्या म्हणण्यासाठी पुढची तारीख दिली.

बाहेर आले तर शिपाई मागोमाग. "मॅडम, साहेबांनी चहाला बोलवलंय."

मावशींचा चेहरा उजळला. "जा की ताई. वळख हाय म्हणल्यावर काम व्हईल की."

मी गेले नाही. प्रकरण चालू असताना अधिकाऱ्याच्या खोलीत बसून चहा प्यायचा नसतो, असं मावशींना सांगितलं. त्या एसटी स्टँडपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी सीनियर म्हणाले, "ताई, चहाने काय होतंय? तुम्हाला अजून व्यवहार कळत नाही."

मी बरोबर होते, हे आजही म्हणेन. पण प्रकरण नसतं तर गेले असते का? आत खुर्चीत बसल्यावर तो पहिलं काय विचारणार, हे मला माहीत होतं. जे तुम्ही विचारता तेच. बाकीच्यांना मी तत्त्वाचं कारण सांगते. ते खोटं नाही, पुरतं खरंही नाही.

अपील अजून चालू आहे. पुढच्या तारखेला सीनियर म्हणतात, तुम्हीच जा, तुमचं ऐकून घेतात ते. आणि मावशींनी फोन करून बजावलंय, की या खेपेला चहा घ्यायचा. सीनियरना मी अजून काही कळवलेलं नाही.