बेडकाला हात लावण्याआधी

उष्णकटिबंधीय परिसंस्थांचा अभ्यास आणि वैद्यकीय सेवा यांची जोड असलेल्या एका अभ्यासदौऱ्यासाठी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कोस्टा रिकाला गेले होते. पहिला आठवडा सारापिकी भागातील ला सेल्वा संशोधन केंद्रात होता. सुमारे १,६०० हेक्टरांचे हे सखल वर्षावन १९६८ पासून ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज या संस्थेकडे आहे. तिथे वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस पडतो. माझे मोजे आठवडाभर वाळले नाहीत.

लाल अंगाचा, निळ्या पायांचा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा विषारी बेडूक तिथे पावलोपावली दिसे, पण त्याला आम्ही हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. पकडण्याचा परवाना फक्त आमच्या मार्गदर्शकांकडे होता. त्याही प्रत्येक बेडकासाठी नवा हातमोजा चढवत आणि एका ओढ्याकडून दुसऱ्याकडे जाताना सर्वांना बूट जंतुनाशकात बुडवायला लावत, कारण बेडकांच्या जातीच्या जाती संपवणारी कायट्रिड बुरशी चिखलाबरोबरही पसरते.

दुसऱ्या आठवड्यात, दौरा आखणाऱ्या संस्थेने एका दुपारच्या प्रशिक्षणाच्या जोरावर माझ्या हाती रक्तदाबाचे यंत्र आणि बोटाला टोचायची सुई दिली. माझे स्पॅनिश नमस्कार आणि आकडे यांपलीकडे जात नव्हते. अननसाच्या मळ्यात काम करणाऱ्या एका बाईंचा रक्तदाब १७० वर १०४ आला. मी तो चिठ्ठीवर लिहिला, शिबिरातल्या डॉक्टरांनी महिन्याभराच्या गोळ्या दिल्या आणि आम्ही पुढच्या गावी निघालो. ती चिठ्ठी कोणत्याही दप्तरात गेली नाही. बेडकाच्या बाबतीत एवढी ढिलाई कोणी खपवून घेतली नसती.

वास्तविक त्या देशात आरोग्यसेवेची वानवा नाही. १९४१ मध्ये स्थापन झालेली काहा ही सामाजिक सुरक्षा संस्था दवाखाने चालवते आणि १९९० च्या दशकापासून ‘एबाईस’ नावाची प्राथमिक पथके आपापल्या वस्तीची जबाबदारी सांभाळतात. त्यांतील एक कर्मचारी घरोघर फिरून नोंदी ठेवतो. मळ्यांवर राबणारे, कागदपत्रे नसलेले निकाराग्वाचे मजूर मात्र विम्याबाहेर राहतात आणि आमच्यासारखी शिबिरे त्यांच्याच नावावर भरतात. गरज खोटी नव्हती, पण त्या बाईंची पुढची तपासणी कोण करणार, हे शिबिरात कोणालाच सांगता येत नव्हते.

शेवटचे दोन दिवस मला अशाच एका घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकेबरोबर पाठवले. तिथे माझे पहिल्या आठवड्यातले शिक्षण थेट उपयोगी पडले. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास रानापेक्षा अंगणातल्या टायरात, पिंपात आणि कुंडीखालच्या बशीत वाढतो, म्हणून आम्ही अळ्या मोजत हिंडलो. एका पिंपातले पाणी ओतून मी पुढे निघाले, तर त्यांनी मला मागे बोलावून आतल्या भिंतीवर चिकटलेले काळे ठिपके दाखवले. ती अंडी होती, महिनोन्‌महिने कोरडी राहूनही पुन्हा पाणी मिळताच फुटणारी. “नुसते ओतून भागत नाही,” असे म्हणून त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला.